लॉरेनबाईंचं लाकडी गाव

आमच्या शेजारच्या घरात दारांच्या चौकटींवर एक अख्खं गाव उभं होतं. दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात जाणाऱ्या दारावर घड्याळाच्या मनोऱ्यासकट कोर्टाची इमारत, तिच्या एका अंगाला न्हाव्याचं दुकान, दुसऱ्या अंगाला बेकरी; पुढे हार्डवेअर, औषधांचं दुकान, एक छोटंसं सिनेमाघर, आणि फायरप्लेसच्या वरच्या फळीवर मधोमध आठ खांबांचा बँडस्टँड, म्हणजे बँडवाल्यांचा छत असलेला चौथरा. सगळ्या इमारती लाकडाच्या, वीतभर उंच आणि बोटभर जाड. समोरून पाहिलं तर विटा, खिडक्या, पडदे, पायऱ्या, सगळं रंगवलेलं. बाजूने पाहिलं तर नुसती फळी. उलटून पाहिलं की मागे बारीक अक्षरांत चार-पाच ओळी असायच्या : दुकान कोणाचं, तिथे काय मिळायचं, मालक कसा होता. हे गाव आमच्या शेजारीण लॉरेनबाईंचं. त्यांचा जन्म शिकागोजवळच्या आमच्या नेपरव्हिलपासून गाडीने तीन तासांवरच्या एका लहानशा गावी झाला होता, आणि त्या गावचा चौक त्या आणि त्यांचे थोरले भाऊ वॉल्टर, आठवेल तसा, एकेक इमारत करून लाकडात उभा करत होते. वॉल्टर गॅरेजमध्ये मशीनच्या बारीक करवतीवर इमारत कापून, घासून द्यायचे. रंग लॉरेनबाई भरायच्या. दर वर्षी नव्या दोन-तीन इमारती, प्रत्येकीच्या साठ प्रती. नोव्हेंबरातल्या एका शनिवारी चर्चच्या तळघरात हस्तकलेची जत्रा भरायची, तिथे त्या मांडल्या की आजूबाजूच्या गावांहून माणसं येऊन घेऊन जायची. ही माणसं हौसेने ते गाव जमवत होती. "आमच्याकडे कोर्ट आहे, बेकरी आहे, पोस्ट कधी काढताय?" असं लॉरेनबाईंना फोन करून विचारायची.

आम्ही नेपरव्हिलला राहायला आलो तेव्हा मी अकरा वर्षांची होते. अकोल्याहून येऊन आधी शिकागोतल्या एका फ्लॅटमध्ये वर्ष काढलं, मग बाबांनी हे घर घेतलं. बाबा पुलांची डिझाइन्स करणाऱ्या ऑफिसात इंजिनिअर होते. सकाळची ट्रेन धरून ते शिकागोला जायचे, मी पिवळ्या बसने शाळेत जायचे, आणि मागे उरायची आई आणि घर. त्या घराचे आवाज मला अजून जसेच्या तसे ऐकू येतात. तळघरातला हीटर मध्येच धडधडून सुरू व्हायचा, मग पाइपांमधून टकटक व्हायची, बाहेर कोणीतरी फावड्याने बर्फ ओढत असायचं, आणि या सगळ्यावर आईचा कुकर. आई दिवसभर रेडिओ लावून ठेवायची. त्यातलं फारसं कळायचं म्हणून नव्हे, घरात माणसाचा आवाज असावा म्हणून. संध्याकाळी बाबा बूट काढता काढता विचारायचे, "आज काय केलंस?" आणि आई म्हणायची, "पोळ्या." या उत्तराचा बाबांना काय त्रास व्हायचा ते मला तेव्हा कळत नव्हतं. पुण्याच्या एका कंपनीला त्यांनी नोकरीसाठी पत्र लिहिलं होतं, हेही मला फार नंतर कळलं. आईला इथे करमलं नाही तर परत जायचं, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

लॉरेनबाईंची ओळख झाली ती केळ्याच्या केकवरून. आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यात त्या एका निळ्या ताटलीत केक घेऊन दारात उभ्या राहिल्या. उंच, सडपातळ बाई, कापलेले पांढरे केस, गळ्यात साखळीला लटकवलेला चष्मा. आयुष्यभर शाळेच्या लायब्ररीत नोकरी केलेली, त्यामुळे बोलणं हळू आणि स्वच्छ. आईने केक खाल्ला, "गोड शिरा भाजल्यासारखा आहे" असा निकाल दिला, आणि ताटली रिकामी कशी द्यायची म्हणून तिच्यात तिळाच्या वड्या घालून मला पाठवलं. लॉरेनबाईंच्या घरातही, पाहुण्याच्या भांड्यातून काहीतरी परत जायलाच हवं, अशी रीत असावी. दोन दिवसांनी ताटली ॲपल पाय, म्हणजे सफरचंदाचं सारण भरून भाजलेली जाड पोळी, घेऊन आली. आईने तिखटमिठाचे शंकरपाळे पाठवले. ती ताटली नेमकी कोणाची, हे पुढे दोघींनाही सांगता येईना.

अशाच एका फेरीत आई माझ्याबरोबर आत गेली. जानेवारीचे दिवस, दुपार, बाहेर सगळं पांढरं. लॉरेनबाई स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून बसल्या होत्या आणि समोर एका ओळीत दहा-बारा बेकऱ्या वाळत पडल्या होत्या. त्यांच्यावरच्या पाट्या वॉल्टर लिहायचे, पण अलीकडे त्यांचा हात थरथरायला लागला होता, म्हणून लॉरेनबाई स्वतःच प्रयत्न करत होत्या. आईने कोट काढला नाही, बसली नाही. ती टेबलाशी वाकून बराच वेळ त्या पाट्या बघत राहिली आणि मग मला हळूच म्हणाली, "विद्या, बाईंना सांग, त्यांचा 'के' पडतोय."

"आई, असं कसं सांगू?"

"सांग ना. पाय फार पुढे टाकलाय त्याने. पडेल तो."

मी तोंडातल्या तोंडात काहीतरी सांगितलं. लॉरेनबाईंनी चष्मा लावून 'के'कडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि ब्रश आईच्या पुढे धरला. आईने तो घेतला, बोटांवर फिरवून केस कसे आहेत ते पाहिलं, टर्पेंटाइनमध्ये बुडवून कागदावर टोक काढलं. करंगळी फळीवर टेकवली. आणि कोऱ्या बेकरीवर, माझ्या नखाएवढ्या जागेत, श्वास रोखून एकामागून एक सहा अक्षरं लिहिली. प्रत्येक अक्षराला डावीकडून सावली दिली. लॉरेनबाई खुर्चीत मागे टेकल्या आणि म्हणाल्या, "ओ माय." त्या एवढंच म्हणाल्या, आणि दुसरी बेकरी आईपुढे सरकवली.

आईचे वडील, माझे आजोबा, अकोल्यात पेंटर होते. म्हणजे दुकानांच्या पाट्या रंगवायचे. त्यांना सगळे आप्पा म्हणत. अर्ध्या बाजारपेठेची नावं त्यांच्या हातची. मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी, सगळी अक्षरं ते लिहायचे, आणि उर्दू वाचता येत नव्हतं तरी त्यांचं उर्दू सगळ्यांत देखणं म्हणून लोक नावाजायचे. आई त्यांच्याजवळ अंगणात बसून हे शिकली होती. इंग्रजी लिपीतले किती प्रकारचे 'आर' असतात हे ती सांगू शकायची, पण दुकानात जाऊन "ब्रेड कुठे आहे?" असं विचारायला तिची जीभ रेटायची नाही. तिला ती भाषा डोळ्यांनी येत होती, कानांनी नाही.

त्या दुपारनंतर आई रोज लॉरेनबाईंकडे जायला लागली. बाबा घरी यायचे तेव्हा कधी कधी नुसती खिचडी असायची आणि आईच्या बोटांना टर्पेंटाइनचा वास. बाबा ती खिचडी इतक्या आनंदाने खायचे की आईला संशय आला. "रोज खिचडीच हवी होती का तुम्हाला?" तिने विचारलं. आता "आज काय केलंस?" या प्रश्नाला उत्तरं लांबलचक असायची. आज न्हाव्याच्या खांबाला लाल पट्टा दिला. आज सिनेमाघराची पाटी, चाळीस बारीक दिवे काढले, डोळे गेले. आईचं इंग्रजी त्या पाट्यांवरूनच आलं, त्यामुळे तिच्याकडे सुरुवातीला क्रियापदं नव्हतीच, नुसती दुकानं होती. एकदा 'ड्राय गुड्स' अशी पाटी लिहायची होती. आईने लिहिली आणि मग सगळ्या खिडक्यांमध्ये काजू, बदाम, खारका काढल्या. ड्राय गुड्स म्हणजे सुका मेवा, दुसरं काय! लॉरेनबाईंनी पाहिलं आणि त्या हसता हसता रडायला लागल्या. ड्राय गुड्स म्हणजे कापडाचं दुकान. आईही हसली. ते बदामवालं दुकान लॉरेनबाईंनी कोणाला दिलं नाही. ते त्यांच्या फ्रिजवर उभं राहिलं.

परवा माझ्या मुलीने, अदितीने, फ्रीमाँटहून फोनवर मला विचारलं, "मॉम, व्हॉट डिड आजी इव्हन डू ऑल डे, बॅक देन?" मी म्हटलं, "ती गाव रंगवायची." अदितीला वाटलं मी काहीतरी काव्यात्म बोलतेय. तिला मी सगळं सांगत बसले तर तिची मीटिंग कॅन्सल करावी लागेल. म्हणून हे लिहिते आहे. ती मराठी वाचेल की नाही ही गोष्ट वेगळी.

माझं काम होतं इमारतींच्या पाठी लिहिण्याचं. माझं अक्षर आप्पांच्या घराण्याचं, बारीक आणि सरळ. लॉरेनबाई सांगायच्या, मी आधी कच्चं लिहून घ्यायचे, त्या दुरुस्त करायच्या आणि मग ते साठ वेळा उतरवायचं. बेकरीवाला पहाटे शिट्टी वाजवत पाव भाजायचा आणि त्याच्या शिट्टीवर शेजारचे उठायचे. हार्डवेअरवाल्याच्या मांजरीचं नाव 'खिळा' होतं. मला ते गाव माझ्या शाळेपेक्षा जास्त माहीत झालं होतं. पण तेरावं लागलं आणि साठ वेळा तेच लिहिण्याचा कंटाळा यायला लागला. त्याच शरद ऋतूत लॉरेनबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. त्या पट्टी बांधून खुर्चीत बसलेल्या, आणि यंदाची नवी इमारत होती शिंप्याचं दुकान.

"नोव्हाक टेलर," लॉरेनबाई म्हणाल्या. "त्यांच्याबद्दल मला फारसं आठवत नाही गं. खिडकीत बसायचे. गळ्यात टेप. कोणाशी बोलायचे नाहीत. दोन ओळी लिही, पुरे."

दोन ओळी लिहिल्या. पाठ रिकामी दिसायला लागली. मग मी तिसरी ओळ लिहिली : नोव्हाक दूर देशाहून आले होते आणि शिवताना आपल्या भाषेत गाणी म्हणत. मला ते आवडलं. मग लिहिलं की शनिवारी चौकात बँड वाजायला लागला की ते दार उघडून बाहेर येत आणि सगळा चौक त्यांचं गाणं ऐकायला थांबे. लॉरेनबाईंना दिसत नव्हतं. आई अक्षर बघायची, मजकूर नाही. मी साठ प्रती लिहून काढल्या, आणि खरं सांगायचं तर त्या वर्षी पहिल्यांदा मला कंटाळा आला नाही.

जत्रेच्या दिवशी चर्चच्या तळघरात कॉफीचा, दालचिनीचा आणि ओल्या कोटांचा वास मिसळलेला असायचा. आमचं टेबल जिन्याजवळ. लॉरेनबाईंची पट्टी निघाली होती पण काळा चष्मा होता. त्यांच्या शेजारी वॉल्टर, पंचाहत्तरीचे, अजूनही दांडगे, चौकटीच्या शर्टात. आई शाल पांघरून मागे उभी, आणि मी कागदी पिशव्यांत इमारती भरून देत होते. शिंप्याचं दुकान झपाट्याने जात होतं. लोक उलटून वाचायचे आणि हसून जवळ धरायचे. एक बाई तर नवऱ्याला म्हणाली, "गाणारा शिंपी, बघ, किती गोड." मी कानापर्यंत सुखावले होते.

अकराच्या सुमाराला करड्या कोटातल्या एक ठेंगण्या बाई आल्या. वय लॉरेनबाईंच्याच आसपास. त्यांनी शिंप्याचं दुकान उचललं, पाटीवरून अंगठा फिरवला, आणि उलटून वाचायला लागल्या. वाचून झालं. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग शांतपणे विचारलं, "हे कोणी लिहिलंय?"

लॉरेनबाई अभिमानाने म्हणाल्या, "आमच्या विद्याने. ही."

"मी हेलन," त्या बाई माझ्याकडे बघत म्हणाल्या. "हे दुकान माझ्या वडिलांचं. ते गायचे असं तुला कोणी सांगितलं?"

माझ्या हातातली पिशवी तशीच राहिली. तळघरातला सगळा गलबला कुठेतरी लांब गेला. खोटं बोलायला जागा होती; एखाद्या म्हाताऱ्या माणसाने सांगितलं म्हणाले असते तर कोण तपासणार होतं? पण हेलनबाईंच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तिथे आशा होती, आणि मला ती पाहवेना. आपल्याला माहीत नसलेलं काहीतरी आपल्या वडिलांबद्दल कळेल, अशा आशेने ती बाई एका तेरा वर्षांच्या मुलीकडे बघत होती.

"कोणी नाही," मी म्हटलं. "मी मनाने लिहिलं."

लॉरेनबाईंनी काळा चष्मा काढला. आईने मला मराठीत विचारलं, "काय झालं? त्या काय म्हणतात?" हेलनबाईंनी ते दुकान हळूच टेबलावर ठेवलं, आणि मला वाटलं आता त्या वळून निघून जाणार. त्यांच्या खांद्यांना एक गचका बसला. मग दुसरा. त्या हसत होत्या. तोंडावर हात दाबून, कोणाचं लक्ष जाऊ नये अशा, पण थांबता येत नाही अशा हसत होत्या.

"माझे वडील?" त्या कशाबशा म्हणाल्या. "गाणं? अगं, त्यांना संगीताचा इतका संताप यायचा! शनिवारी बँड सुरू झाला की कानांत कापूस घालून बसायचे. दुकान बँडस्टँडच्या बरोब्बर समोर. आणि वर गंमत म्हणजे बँडवाल्यांचे गणवेश शिवायचं काम त्यांनाच मिळालं." त्या टेबलावर हात टेकून पुढे वाकल्या. "एक ड्रमवाला मुलगा होता, भयंकर जोरात वाजवायचा. वडिलांनी काय केलं माहितीय? त्याच्या कोटाची काख मुद्दाम घट्ट शिवली. म्हणजे हात वर जायलाच नकोत. मरताना आईजवळ कबूल केलं त्यांनी."

मग लॉरेनबाई सावकाश आपल्या भावाकडे वळल्या.

वॉल्टरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. "तो कोट," ते म्हणाले, "चार जुलैला भर चौकात फाटला माझा. दोन्हीकडून. मला वाटलं मी जाड झालो." त्यांनी शर्टावरून पोट चाचपलं. "दोन महिने मी ॲपल पाय खाल्ला नाही."

त्यानंतर जे हसणं सुटलं त्याला चर्चचं तळघर पुरेना. आसपासच्या टेबलांवरची माणसं गोळा झाली. वॉल्टर पन्नास-साठ वर्षांनी हात वर करून तो कोट कसा फाटला ते दाखवत होते, हेलनबाई डोळे पुसत होत्या. आईला काही कळत नव्हतं, पण सगळे हसताहेत म्हणून तीही हसत होती, आणि मला कोपरखळी मारून विचारत होती, "सांग ना, काय झालं?" हेलनबाईंना खुर्ची दिली, कॉफी दिली, आणि दुपारभर त्या नोव्हाक टेलरच्या खऱ्या गोष्टी सांगत बसल्या. माझ्या गाणाऱ्या शिंप्यापेक्षा तो कान बंद केलेला माणूस कितीतरी बरा होता. मी वहीत लिहून घेत होते, आणि माझी मान वर होत नव्हती.

गाडीत आईला सगळं सांगितलं. बाबा गाडी चालवत होते. ते हसले, आई हसली नाही.

"काहून लिहिलंस असं?"

"छान वाटलं म्हणून."

आई म्हणाली, "आप्पा कोणाचंही नाव लिहायच्या आधी त्या माणसाकडून कागदावर लिहून घ्यायचे. त्याला लिहिता येत नसेल तर त्याच्या पोराकडून. एकदा एका दुकानदाराने चुकीचं लिहून दिलं, सगळ्यांना दिसत होतं चुकलंय. तरी आप्पा त्याच्या घरी जाऊन विचारून आले. दुसऱ्याचं नाव आहे, म्हणाले, आपल्या हातात थोड्या वेळापुरतं दिलंय." ती वळली. "किती गेली?"

"बावीस."

"मग बावीस पत्रं लिही."

आणि मी लिहिली. जत्रेत कोणी काय नेलं ते लॉरेनबाईंच्या वहीत पत्त्यांसकट असायचं. प्रत्येकाला मी माझी चूक लिहिली, खरी गोष्ट लिहिली, आणि इमारतीच्या पाठीवर चिकटवायला नवा कागद पाठवला. उरलेल्या अडतीस प्रतींच्या पाठी घासून पुन्हा लिहिल्या. डिसेंबर त्यातच गेला. लॉरेनबाई मला रागावल्या नाहीत, पण पहिले दोन दिवस त्या माझ्याशी लायब्ररीत बोलावं तसं बोलत होत्या, आणि ती शिक्षा मला पुष्कळ झाली. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यापुढे कोकोचा कप ठेवला आणि म्हणाल्या, "तू छान लिहितेस. आता विचारून लिही." पत्रांना उत्तरंही आली. एका आजोबांनी ड्रमच्या काठीचं चित्र काढून पाठवलं. गाणाऱ्या शिंप्यावर भाळलेल्या त्या बाईने मात्र कळवलं की माझा कागद तिला मिळाला, पण ती तो चिकटवणार नाही. तिला गाणाराच हवा. मी पुढे चौतीस वर्षं एका छोट्या वर्तमानपत्रात काम केलं. फोन करून खात्री केल्याशिवाय एकही ओळ छापायला न देणारी बाई, अशी माझी तिथे थोडी थट्टाही व्हायची.

मे महिन्यात हेलनबाईंचं पत्र आलं, ते आईच्या नावे. तशी पत्रं आईला फक्त अकोल्याहून यायची. तिने ते मला वाचू दिलं नाही; शब्दकोश घेऊन एक अख्खी सकाळ स्वतः वाचलं. हेलनबाईंनी लिहिलं होतं की निवृत्त होऊन त्या गावी परतल्या आहेत. वडिलांचं दुकान इतकी वर्षं बंद होतं, ते उघडून तिथे गोधड्यांचं कापड आणि दोरे विकायचा त्यांचा विचार आहे. दारावरची जुनी पाटी पार उडाली आहे. त्या लाकडी दुकानावरची अक्षरं ज्यांनी लिहिली, त्या बाई येऊन खरी पाटी लिहितील का?

"तू जाणार?" बाबांनी विचारलं.

"वीतभर दुकानावर लिहिते मी," आई म्हणाली. "खरी पाटी बारा फुटांची असते. शिडीवर चढावं लागतं." तिने पत्राची घडी केली. "आप्पांनी मला शिडीवर कधी चढू दिलं नाही. बाजारात मुलगी शिडीवर बरी दिसत नाही, म्हणायचे. मी अंगणात खाली ठेवलेल्या फळ्या लिहायची, वर लिहायला ते जायचे."

"मग?" बाबा म्हणाले.

त्या संध्याकाळी आई गॅरेजच्या आतल्या भिंतीवर हातभर उंचीचे 'एन' काढत होती. दुसऱ्या दिवशी 'ओ'. आठवडाभरात आमच्या गॅरेजच्या भिंतीवर एकही मोकळी जागा राहिली नाही, आणि बाबा त्यांची गाडी बाहेर लावायला लागले.

जूनच्या एका शनिवारी आम्ही निघालो. बाबा गाडी चालवायला, पुढे वॉल्टर, मागे लॉरेनबाई, आई आणि मी. डिकीत रंगाचे डबे, ब्रश, आणि टोकाला कापडाचा बोळा बांधलेली काठी. लिहिताना मनगट टेकवायला अशी काठी आप्पा वापरायचे. आईने ती झाडूच्या दांड्याची केली होती. दोन्हीकडे मक्याची कोवळी शेतं, गुडघाभर. दशम्या आणि लसणाची चटणी आम्ही वाटेत खाल्ली. वॉल्टरांनी चटणीला "अरे बापरे" म्हटलं, हा शब्द ते आईकडून शिकले होते. आणि मग रस्ता वळला आणि समोर तो चौक आला.

मी गाडीतून उतरले आणि मला काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. कोर्टाचा मनोरा मला ओळखीचा होता. बँडस्टँडचे आठ खांब मी मोजले नाहीत, मला माहीत होते. पण बेकरीच्या जागी विम्याचं ऑफिस होतं, सिनेमाघराच्या दारावर फळ्या मारल्या होत्या, आणि हार्डवेअरच्या दुकानाची अर्धी खिडकी पुठ्ठ्याने झाकली होती. मला वाटलं लॉरेनबाईंना वाईट वाटेल. त्या बँडस्टँडच्या पायरीवर बसल्या, बुटातला खडा काढला आणि म्हणाल्या, "सगळं इतकं मोठं होतं हे मी विसरूनच गेले होते."

हेलनबाईंनी भिंतीला पांढऱ्या रंगाचा हात देऊन ठेवला होता. आईने खडू लावलेली दोरी ताणून दोन रेघा मारल्या. एक टोक माझ्या हातात, एक बाबांच्या. मग साडीचा पदर कमरेला खोचला, पायांत माझे कॅनव्हासचे बूट, आणि शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला. शिडी वॉल्टरांनी धरली होती. तिसऱ्या पायरीवर आई थांबली. खाली न बघता म्हणाली, "विद्या, हलतेय का गं?"

"नाही आई."

"मग मीच हलतेय." आणि ती वर चढली.

पहिल्या अक्षराला तिला अर्धा तास लागला. दुसऱ्याला वीस मिनिटं. मग तिचा हात मोकळा झाला. मी आईला इतकी वर्षं वाकून, करंगळी टेकवून, श्वास रोखून लिहिताना पाहिलं होतं. आता तिचा अख्खा हात खांद्यापासून फिरत होता, आणि एका ओढीत तिने हातभर उंचीचा 'ए' खाली आणला. समोरच्या विम्याच्या ऑफिसातून माणसं बाहेर आली. पेट्रोल पंपावरून कोणीतरी आलं. आईस्क्रीम खात मुलं बसली. कोणी बाई आईला लिंबाचं सरबत घेऊन आली आणि ते ती वरच उभ्या उभ्या प्यायली. उन्हं कलायला लागली तेव्हा हिरव्या रंगात 'नोव्हाक' पूर्ण झालं होतं, डावीकडून सावलीसकट. हेलनबाई रस्ता ओलांडून बँडस्टँडपाशी गेल्या आणि तिथून बराच वेळ बघत राहिल्या. परत आल्या आणि त्यांनी आईला मिठी मारली. दोघींच्या अंगाला हिरवा रंग लागला. आई त्यांना इंग्रजीत म्हणाली, तिचं तिनेच जुळवलेलं, मी सांगितलेलं नव्हे, "आय लाइक युवर फादर. गुड नेम. गुड बिग लेटर्स."

मग गवतावर बसून बाकी सगळ्यांनी हॅम खाल्लं आणि आम्ही बटाट्याचं सॅलड आणि स्ट्रॉबेऱ्या खाल्ल्या. वॉल्टर आणि बाबा बँडस्टँडवर चढून पुलांबद्दल बोलत बसले. परतीच्या वाटेवर गाडीत सगळे झोपले, बाबा सोडून. मध्येच मला जाग आली तेव्हा ते आरशातून मागे आईकडे बघत होते. तिचं डोकं लॉरेनबाईंच्या खांद्यावर होतं. पुण्याच्या कंपनीचं बोलावणं त्या महिन्यात आलं होतं, आणि बाबांनी ते पुढच्या आठवड्यात नम्रपणे नाकारलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी उठून खाली आले तर स्वयंपाकघरात आई टेबलाशी बसली होती आणि ओट्यापाशी बाबा. बाबांनी आयुष्यात कधी चहापलीकडे काही केलं नव्हतं. आईचा उजवा हात खांद्यापासून धरला होता. कढईपर्यंत तिला तो उचलता येत नव्हता, वेणीही घालता येत नव्हती. त्यामुळे बाबा पोहे करत होते आणि आई बसल्या जागेवरून सांगत होती. "मोहरी तडतडू द्या. अहो, तडतडू द्या म्हटलं, जाळू नका! आता हळद. एवढी?" पोह्यांतून पाणी निथळत होतं, कांदा अर्धा कच्चा, अर्धा काळा. बाबांनी दोन बशा भरून आमच्या पुढे ठेवल्या आणि हात बांधून उभे राहिले. आईने डाव्या हाताने एक घास घेतला. चावला. बाबांकडे पाहिलं. आणि ती जी हसायला लागली, पोहे ठसक्यातून उडाले, डोळ्यांतून पाणी आलं, दुखरा हात दुसऱ्या हाताने धरून "अगं आई गं, हसवू नका, दुखतंय!" असं ओरडत ती हसत राहिली. बाबा गंभीरपणे म्हणाले, "मीठ राहिलं वाटतं." मी खिडकी उघडली, कारण घरभर धूर झाला होता. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं, आणि पलीकडच्या अंगणातून लॉरेनबाई विचारत होत्या, एवढं काय चाललंय तुमच्याकडे, मीही येऊ का?